मिलूदच्या दुकानातील जबडा

वादी झेम, गुरुवार

प्रिय तामू,

अल्लाहची कृपाछाया तुझ्यावर व आपल्या घरावर राहो. माझी प्रकृती उत्तम आहे. सूनबाई हरिऱ्याचे सूप तुझ्यासारखेच करते. तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

आपल्या मिलूदचा धंदा बरा चालला आहे. फॉस्फेटच्या खाणीत सापडणारे पुरातन समुद्री सरड्यांचे दात तो विकतो. दात अस्सल असतात. मात्र सुट्या दाताला भाव नाही, म्हणून निरनिराळ्या प्राण्यांचे दात तो वाळू-गोंदाच्या जबड्यात बसवतो. "बा, खोटं तुम्ही बोलूच नका. नुसते दुकानात बसा, तुमची दाढी पुरे," असे तो हसत म्हणाला, आणि मी जपमाळ घेऊन बसलो.

काल एका परदेशी वृद्ध शिक्षकाने जबडा उचलून मलाच विचारले, "हाजी, हा सगळा एकाच प्राण्याचा ना?"

मी म्हणालो, "सारे काही अल्लाहनेच घडवले आहे."

त्याने छातीवर हात ठेवून माझे आभार मानले आणि जबडा विकत घेतला.

"वा बा, हे तर मलाही सुचलं नसतं," मिलूद म्हणाला.

तामू, दातांमधल्या फटी त्याने गोंदाने बुजवल्या होत्या. उरलेली फट मी अल्लाहच्या नावाने बुजवली. जन्मभर मुलांना पवित्र वचने पढवली ती याकरिता नव्हे.

तो शिक्षक शनिवारपर्यंत येथेच आहे. उद्या पहाटेची नमाज झाली की त्याच्या मुक्कामी जाऊन खरे सांगणार आहे. मिलूद रागावेल. मी कदाचित ठरल्याआधीच परतेन. माझे अंथरूण उन्हात घालून ठेव.

तुझ्या प्रार्थनेची गरज असलेला,
अल-अय्याशी