मंगळवारची पाळी

मी, खाली सही करणारी, शहराच्या ड्रेनेज खात्यातून निवृत्त झालेली, वय वर्षे एकाहत्तर, राहणार याच घरात, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, कान खात्यातल्या कोणाहीपेक्षा तिखट आहेत, आणि हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणून माझ्याकडून कोणी काही करून घेतल्याचे आजवर ऐकिवात नाही. डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो बघून चष्मा दोनदा पुसला, तेव्हाच मी वकीलबाईंना निरोप धाडला. याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. दोन्ही रागाच्या भरात केलेली असल्यामुळे रद्द समजावीत.

कायद्याची भाषा वकीलबाईंनी घालावी आणि बाकीचे मला बोलू द्यावे, असे आमचे ठरले आहे.

कलम एक. सदर घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची मोरी, माझ्या पश्चात माझ्या भाचीला मिळावे. भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपासून ती माझ्याच खात्यात, माझ्याच जुन्या टोळीत खाली उतरते. मागच्या नळाचा वायसर दर वर्षी बदलावा लागतो, तो तिने न विसरता बदलावा. वरची एक खोली, जिथे बसून धाकट्याने शिक्षण पुरे केले, ती धाकट्याला. मात्र त्या खोलीबाबत कलम सहा वाचल्याशिवाय कोणी कुलूप उघडू नये.

कलम दोन. गटाराचे झाकण उचलायची पहार, दोन लोखंडी आकडे, दोरखंड व पितळी शिट्टी हीदेखील भाचीला. पहार उचलताना गुडघे वाकवायचे, कंबर वाकवायची नाही, हे तिला ठाऊक आहे, पण इथे वाचून पुन्हा आठवेल.

मी खात्यात लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. आई-वडील गेलेले, धाकटा चौदा वर्षांचा, त्याची शाळा माझ्या गळ्यात. पहिल्याच आठवड्यात मुकादम मला मुख्य भुयार दाखवायला खाली घेऊन गेला. शिडीच्या बत्तीस पायऱ्या उतरून मी दिवा वर केला. डोक्यावर विटांची कमान, दोन मजली घर सहज मावेल एवढी उंच, आणि ती दिव्याच्या उजेडापलीकडे पुढे जातच राहिलेली. एकही वीट वाकडी नव्हती. वर बाजार भरलेला, गाड्या धावताहेत, लोक भाव करताहेत, आणि त्यांच्या पायांखाली हे एवढे मोठे काम कोणाला माहीतसुद्धा नाही. मी विचारले, "हे कोणी बांधलं?" मुकादम म्हणाला, "आपल्यासारख्यांनीच. नावं कुठे लिहिलेली नाहीत, शोधत बसू नकोस." मी तरी भिंतीवरून हात फिरवत गेले. एका विटेवर अंगठ्याचा ठसा लागला, वीट ओली असताना उमटलेला. त्यावर माझा अंगठा ठेवून पाहिला तर अगदी बरोबर बसला. सत्तेचाळीस वर्षे झाली त्याला. ती वीट मी भाचीला दाखवलेली आहे. जागा इथे लिहीत नाही, नाहीतर एखादा साहेब ती खणून काढून काचेच्या कपाटात ठेवायचा.

कलम तीन. पलंगाखालच्या ट्रंकेत जुन्या करारनाम्याची प्रत आहे, ती संघटनेच्या कचेरीत द्यावी. पान नऊवर कलम चौदा आहे. ते मला तोंडपाठ आहे: "खाली माणूस असेल तोवर वर माणूस असेल. वरच्याने दर दोन मिनिटांनी हाक द्यावी. दुसऱ्या हाकेलाही उत्तर न आल्यास सर्व कामे थांबवून माणूस वर घ्यावा."

या तीन ओळींसाठी आम्ही दोन हिवाळे साहेबांशी वाटाघाटी केल्या. त्याआधी आमच्या टोळीतला एक गडी, ज्याला सगळे बोका म्हणत, तो एकटाच उतरला आणि विषारी हवेने बसल्या जागी गेला. संध्याकाळच्या हजेरीला कळले. टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, "तुम्ही पगाराचं बोला. माणसं किती लावायची ते आमचं आम्ही बघू." मी म्हणाले, "पगार राहू द्या साहेब. वर कोण बसणार ते आधी बोला." त्या वर्षी आम्ही पगारवाढ सोडली आणि कलम चौदा घेतले. घरी पोरेबाळे असलेल्या चारशे माणसांनी त्यासाठी हात वर केला, आणि त्यांच्यात एकानेही कुरकुर केली नाही. हात मोजायला मीच उभी होते. त्यांच्याएवढी मोठी माणसे मी पुन्हा कुठे पाहिली नाहीत.

हाक ठरली ती अशी. वरून विचारायचे, "आहेस का?" खालून म्हणायचे, "आहे." माझा आवाज दांडगा, म्हणून वर बसायचे काम जास्त करून माझ्याकडे आले आणि खात्यात माझे नाव वरची पडले. ही सवय हाडीमाशी इतकी खिळली की धाकटा न्हाणीघरात जरा जास्त रेंगाळला की मी दाराबाहेरून विचारायची, "आहेस का?" आणि तो बिचारा साबण लावलेल्या तोंडाने "आहे" म्हणायचा. त्याला मुलगी झाली तेव्हाही दवाखान्यातून आलेल्या फोनवर मी हेच विचारले, असे तो लोकांना हसून सांगत असे. म्हणजे आमचे बोलणे होते तेव्हाची ही गोष्ट.

कलम चार. रागाची वाटणी मृत्युपत्रात करता येत नाही असे वकीलबाईंचे म्हणणे आहे. तरी लिहा म्हटले.

धाकटा पुढे निवडून आला आणि सभागृहात जाऊन बसला. माझी छाती अभिमानाने भरून आली होती, हे कबूल करते. मग तो कायदा आला. सरकारी नोकरांच्या संघटनांनी फक्त पगारावर बोलायचे. माणसे किती, तास किती, साधने कोणती, यावर वाटाघाटी बंद. धाकट्याने माझ्याच स्वयंपाकघरात बसून मला समजावले, "ताई, तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत हात घालता. मग लोकांनी निवडून दिलेल्यांनी करायचं काय?" तो अगदीच खोटे बोलत नव्हता. आम्ही एका कामचुकार पंपवाल्याला सहा वर्षे पाठीशी घातले होते, ते मलाही टोचत होते. पण मी म्हणाले, "पंपवाल्याला काढ. कलम चौदाला हात लावू नकोस." तो म्हणाला, "कायद्यात असं एकेक वेचून ठेवता येत नाही." चहा तसाच टाकून तो निघून गेला.

नऊ दिवस सभागृहापुढच्या चौकात माणसे बसली. मला वाटले होते, आपले चारशे येतील. पहिल्या सकाळी कोपऱ्यावरून वळले आणि पाय जागीच थबकले. शिक्षक, परिचारिका, अग्निशामकवाले, कचरागाडीवाले, पोस्टमन. चौकातली फरशी कुठे दिसतच नव्हती. एक ग्रंथपालबाई माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही खाली काम करता ना? मी इतकी वर्षं नळ सोडतेय, पाणी पुढे कुठे जातं हा विचारच केला नाही हो." आपण एवढे सगळे आहोत हे मला त्या वयात, त्या सकाळी पहिल्यांदा कळले.

दहाव्या दिवशी दुपारी मतदान झाले. वरच्या सज्जात आमच्या खात्याची दोनशे माणसे बसली होती, मीही होते. तिथली पद्धत अशी की चिटणीस एकेका सदस्याला पुकारतो, सदस्य उठून उत्तर देतो आणि मत सांगतो. दोनदा पुकारून उत्तर नाही आले तर मत धरायचे नाही. दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या, आणि मते सारखी पडली तर कायदा पडतो. धाकट्याची पाळी सगळ्यांत शेवटची. चिटणीसाने पुकारले. धाकटा खाली मान घालून बसलेला, उत्तर नाही. चिटणीसाने आवाज चढवून दुसऱ्यांदा पुकारले, "सदस्य आहेत का?"

दुसरी हाक आणि खालून उत्तर नाही. आमच्या दोनशे माणसांचे आयुष्य या एका गोष्टीला घाबरण्यात गेलेले. कोणी ठरवले नव्हते, कोणी खूण केली नव्हती. दोनशे तोंडांतून एकदम आले, "आहे." सभागृहाचे छत दणाणले. मी जन्मभर हाक देणारी, पण तेव्हा उत्तर देणाऱ्यांत मीही होते. मग खाली हशा पिकला. सगळ्यांच्या माना धाकट्याकडे वळल्या. तो उठला, म्हणाला, "बाजूने." कायदा एका मताने झाला.

त्या संध्याकाळी त्याच्या फाटकाशी, त्याच्या मुलीच्या देखत, मी त्याला म्हणाले, "तू मला मेलास." अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

गेल्या महिन्यात भाची माझ्या उशाशी बसून म्हणाली, "आत्या, बाबांनी ठरवलं होतं, दोन्ही हाकांना गप्प बसायचं. विरोधात मत देण्याची हिंमत नव्हती, पण गप्प राहिलो तर कायदा पडेल हे त्यांना माहीत होतं. तुम्ही सगळे ओरडलात आणि सगळं सभागृह त्यांच्याकडे बघायला लागलं." मी तीन दिवस जेवले नाही. आमचे कलम आमच्याच उत्तराने गेले होते. तरी लिहून ठेवते की धाकट्याला दंडाला धरून कोणी उठवले नव्हते. माझा निम्मा राग मी मागे घेत आहे. उरलेला निम्मा त्याच्याकडेच राहील.

कलम पाच. बँकेत जे काही आहे ते वर बसणाऱ्या मंडळींच्या स्टुलांसाठी, छत्र्यांसाठी व चहासाठी वापरावे.

ही मंडळी कोण, ते सांगते. कायदा झाला, करार संपला, कलम चौदा गेले. खाली उतरणाऱ्याच्या गळ्यात साहेबांनी एक पिवळा डबा अडकवला आणि वरचा माणूस काढून टाकला. हवा बिघडली की डबा वाजतो. डबा चांगला आहे, मी त्याला नावे ठेवत नाही. पण आतल्या माणसाचा पाय घसरला, चक्कर आली, तर डब्याला त्याचा पत्ता नसतो. मी नुकतीच निवृत्त झाले होते. एका मंगळवारी सकाळी सातला घरातले स्टूल उचलले आणि बाजाराजवळच्या झाकणाशी जाऊन बसले. म्हटले, हसतील लोक, हसू देत. अकराला उठून पुढच्या झाकणाकडे गेले, तर तिथे एक निवृत्त मुकादम खुर्ची टाकून बसलेला. त्याच्या पुढच्याला ती ग्रंथपालबाई. त्या दिवशी शहरात नऊ झाकणे उघडी होती आणि नऊही झाकणांशी कोणी ना कोणी बसले होते. सभा नाही, पत्रक नाही, कोणी कोणाला बोलावलेले नाही. मी रस्त्यात उभी राहून रडले, आणि माझ्यासारखी बाई रस्त्यात रडत नाही.

अकरा वर्षांत एकही पाळी चुकलेली नाही. पाळ्यांचा तक्ता शेजारच्या घड्याळजींच्या दुकानात लावलेला आहे. एकदा एक साहेब नोटीस घेऊन आले, म्हणाले, "बाई, तुम्ही कामात हस्तक्षेप करताय." मी म्हणाले, "रस्त्यावर बसून माणसाला हाक मारायला परवाना कधीपासून लागतो?" साहेब नोटीस घडी करून परत गेले. मंगळवार माझा असतो. तीन वर्षांपासून मंगळवारी खालून जे उत्तर येते ते माझ्या भाचीचे असते.

कलम सहा. मंगळवारची पाळी मी धाकट्या भावाला देते.

पाळी ही मालमत्ता नसल्यामुळे ती मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकीलबाईंनी दोनदा सांगितले. दुसरेही एक सांगितले. साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला त्याच मृत्युपत्रातून मालमत्तेचा तुकडाही मिळत नाही. हे ऐकून मला फार बरे वाटले. म्हणून दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी धाकट्यासाठी मोकळी ठेवली आहे आणि त्याला घड्याळजींकरवी निरोप दिला आहे. त्याने सही केली तर वरची खोली जाईल, ती त्याच्या मुलीला मिळेल, आणि त्याच्या हाती फक्त माझे स्टूल येईल. तो आला नाही तर वकीलबाईंचा कारकून सही करील आणि खोली धाकट्याची होईल. त्याबद्दल कोणी त्याला वावगे बोलू नये. एक ध्यानात ठेवावे. मी गेल्यावर मंगळवारी त्या झाकणाशी कोणी नसेल, आणि खाली त्याची मुलगी असेल.

हे मी वाचून घेतले, समजून घेतले आणि खाली सही केली.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली
तारीख: ३ मार्च, मंगळवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे

लिहून ठेवणार: (सही) वरची

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचे घड्याळजी

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ

वकिलाची नोंद: दुसऱ्या साक्षीदारांना सहीचा परिणाम सहीपूर्वी समजावून सांगितला. ते पेन हातात धरून बसून राहिले. लिहून ठेवणार यांनी त्यांना विचारले, "आहेस का?" उत्तर आले नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले. साक्षीदार म्हणाले, "आहे, ताई," आणि सही केली. सातची पाळी असल्यामुळे ते चहासाठी थांबले नाहीत. स्टूल सोबत नेले.