तरवडाला घातलेलं जास्तीचं पाणी

अण्णा,

तरवड या वर्षीही फुललाय. रस्त्यावर टँकरच्या रांगा लागल्यात, समोरच्या उंच इमारतीच्या हिरवळीवर तरीही फवारे उडतात, आणि तुमचा हा पिवळा हट्टी गडी कुणाकडे घोटभर पाणी न मागता मजेत उभा आहे. त्याला बघितलं की आधी मला तुमचा राग येतो आणि मग तुमची आठवण येते.

आई गेल्यावर मी तुम्हाला अथणीहून बेंगळुरूला आणलं. नव्वद सालानंतरची ती वर्षं. बेळ्ळंदूरच्या पुढं तेव्हा घरं कमी आणि मोकळं रान जास्त होतं. तुम्ही आलात खरे, पण ट्रंक काही रिकामी केली नाहीत. लागेल तेवढाच धोतर-सदरा काढायचा, पुन्हा झाकण लावायचं, आणि चहा पिताना विचारायचं, "अथणीची गाडी किती वाजता सुटते गं?" तिकडं त्या रिकाम्या घरात तुम्ही एकटे राहणार, स्वतःच्या हातानं भात शिजवणार, हे मला सहनच होत नव्हतं. तुम्ही राहावं एवढंच मला हवं होतं, आणि नेमकं तेच तोंडानं म्हणता येत नव्हतं.

घरामागचं परसू म्हणजे नुसता उकिरडा. बांधकामाची खडी, फुटक्या विटा, कमरेएवढं गाजरगवत. माझ्या नवऱ्यानं हौसेनं लॉन लावलं, ते उन्हाळ्यात पापडासारखं वाळलं. नळाला पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढं. एक दिवस तुम्ही धोतर खोचून फावडं हातात घेतलंत. जन्मभर पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस बिनपाण्याची बाग करायला निघाला म्हणून मला हसू आलं. "हसतीस काय? पाणी वाटण्यातच केस पिकलेत माझे. कुणाला किती लागतंय ते कळतंय की मला."

एकदा आनेकलच्या बसमधून उतरलात ते खिसाभर वाळक्या शेंगा घेऊन. "आपल्या माळावरचा तरवड हितंबी हाय बघ!" किती दिवसांनी तुमचा चेहरा असा उजळला होता. शेजारच्या अक्कांनी शेंगा बघितल्या आणि त्यांच्या कन्नडमध्ये तरवडाचं नाव सांगितलं, "आवरिके." झालं, दोघांची गट्टी जमली. तीन तरवड रुजले, त्यांच्यापाठोपाठ कोरांटी आली, रुई आली, अडुळसा आला. खडी तुम्ही फेकली नाहीत, ओल टिकावी म्हणून रोपांभोवती रचलीत. मी कौतुकानं पाइप घेऊन गेले तर अंगावर ओरडलात, "लाडावू नकोस त्यांना! तहान लागू दे, म्हंजे मुळं खाली जातील." मी हिरमुसून आत आले.

झाडं गुडघ्याला लागली आणि तुम्ही आईच्या श्राद्धाला गावी निघालात. ट्रंक घेऊन. "परत कधी?" मी विचारलं. "बघू," म्हणालात. तुमचं 'बघू' मला लहानपणापासून ठाऊक होतं.

इकडं अक्कांना वाटलं, अण्णा गेले, झाडं पोरकी झाली. लांबून भरून आणलेल्या आपल्या पाण्यातून त्या रोज एकेक बादली घालू लागल्या. मी दिवसभर ऑफिसात. रविवारी बघते तर तरवडांखाली पिवळ्या पानांचा सडा. एसटीडी बूथवरून तुमच्या गल्लीतल्या वाण्याला फोन करून तुम्हाला बोलावून घेतलं. "अण्णा, तरवड चाललाय."

"पाणी कुणी घातलं?" एवढंच विचारून तुम्ही फोन ठेवलात.

मग एका सकाळी दारात ट्रंक, आणि तुम्ही चपलांसकट थेट परसात. अक्का पदर पिळत उभ्या. "दिना स्वल्प नीरु हाकिदे, अण्णा," रोज थोडंसंच घातलं, असं रडवेल्या होऊन सांगत होत्या. मला वाटलं, आता अक्कांची धडगत नाही. तुम्ही मात्र कन्नडमध्ये हळूच म्हणालात, असू द्या अक्का, झाडांना वाटलं रोजच सण आहे. मग बुंध्याभोवतीची माती उकरून तुम्ही मुळांना ऊन दाखवलंत. दोन तरवड गेले, एक वाचला. दुपारी तुम्ही ट्रंक रिकामी केलीत. सदरे खुंटीवर गेले आणि ट्रंकेत खुरपं न् बियांच्या पुड्या आल्या. "झाडांसाठी राहतोय," माझ्याकडे न बघताच म्हणालात. "बरं," म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. तुम्ही राहिलात ते शेवटपर्यंत.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते घरातच राहील. तरी एक सांगते, ओरडू नका. तुमच्या श्राद्धाच्या दिवशी पंगत उठली की मी परसात जाते आणि तरवडाला भरलेली बादली घालते. त्याला ती नको असते, मला कळतं. पण एकदा पाणी जास्त झालं, तेव्हा तुम्ही परत आला होतात.