बुधवारचा उपवास

आई,

काल बुधवार होता आणि तुझी सून म्हणाली, आज माझा उपवास आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. मी आठवीत असताना तू गेलीस, आणि ती आपल्या घरात आली तेव्हा भिंतीवरचा तुझा फोटोही पिवळा पडला होता. पण ती उपवास म्हणाली की माझा विश्वास बसत नाही, आणि त्याचं कारण तू आहेस, म्हणून तुलाच लिहायला बसलो. बुधवारी आपल्यात कोण उपवास धरतं? मी पंचांग काढून पाहिलं. एकादशी नाही, चतुर्थी नाही, प्रदोषही नाही. पंचांग परत देवघराखाली ठेवलं, हात जोडले आणि देवालाच विचारलं, ही काय लपवतेय?

तिचं दुखणं तुला सांगायला हवं. तिच्या मोठ्या आतड्याला आतून जखमा व्हायच्या. शौचाला रक्त पडायचं, आणि दिवसातून किती वेळा जावं लागतं हे आम्ही मोजणं सोडलं होतं. तिचं ऑफिस घोडबंदर रोडला. डोंबिवलीहून निघालेली ती ट्रॅफिकमध्ये अडकली की बसमधून मला फोन करायची आणि काहीच बोलायची नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. औषधं थकली तेव्हा ठाण्याच्या सर्जननी ते मोठं आतडं काढूनच टाकलं. लहान आतड्याचं टोक इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखं दुमडून आतल्या आत एक पिशवी शिवली. जे-पाउच म्हणतात तिला. तो पाउच बरा होईपर्यंत काही महिने पोटावर बाहेरून एक पिशवी चिकटवलेली होती, मग पुन्हा ऑपरेशन करून तीही काढली. आता ती आपल्यासारखीच संडासला जाते, फक्त जास्त वेळा. याला काही वर्षं झाली. ती ऑफिसला जाते, मैत्रिणींबरोबर मलंगगड चढून आली, आणि गेल्या वर्षापासून बायकांच्या ढोलपथकात आहे. पाडव्याच्या शोभायात्रेत ही पोटावर दोरीने ढोल आवळून चालते. शिवलेल्या पोटावर. सर्जन म्हणाले, खुशाल वाजवा, दोरी व्रणावर येऊ देऊ नका आणि पाणी भरपूर प्या. मला अजून शंका आहे की ते ढोल हा शब्द ऐकून ढोलकी समजले.

तू मात्र संशय घ्यायला कुणाला जागाच दिली नाहीस. आपलं मुरबाडकडचं घर, चुलीजवळची ती अंधारी बाजू. आम्ही जेवायला बसलोय. तू भाकरी थापतेस, एकेक करून आमच्या ताटात टाकतेस, आणि आबा विचारतात, तू कधी बसणार? तू म्हणतेस, आज उपवास आहे. आबा मान हलवतात. देवाचं काम, त्यात पुरुषाने काय बोलायचं. पहाटे तू टमरेल घेऊन बांधाकडे जातेस, परत येतेस, पुन्हा जातेस. मी विचारतो, आई, पोट दुखतंय का? तू म्हणतेस, बरं आहे मला, शाळेला उशीर होईल. मी शाळेत जातो. वर्गात गुरुजींना अभिमानाने सांगतो की आमची आई सगळे उपवास करते. पुढे मोठा झाल्यावर, तिथी-वार समजायला लागल्यावर एकदा मनात मांडणी करून बघितली, तेव्हा कळलं की पंचांगात एवढे उपवासच नसतात.

म्हणून मी हिच्यावर नजर ठेवून असतो. जेवणानंतरची भांडी मी घासतो. सोसायटीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात. शीळफाट्याजवळच्या गोदामातून मला यायला उशीर होतो, पण भांडी माझ्यासाठी ठेवलेली असतात. काही महिन्यांपासून माझ्या लक्षात आलं की ज्या दिवशी तिची ढोलाची तालीम, त्या दिवशी मोरीत तिचं ताटच नसतं. विचारलं तर म्हणते, उपवास होता. काल मी मुद्दाम लवकर घरी आलो.

स्वयंपाकघरात ती होती आणि तिची कल्याणची मैत्रीण. दोघींची ओळख हॉस्पिटलातली. तिलाही पाउच आहे, आणि ऑपरेशननंतर तिला मुलगी झाली, ती आता शाळेत जाते. ती पण याच पथकात, ताशा वाजवते. मी चपला काढल्या आणि सरळ विचारलं, “आज कसला उपवास?”

“माझा आहे,” बायको म्हणाली.

“पंचांगात नाही.”

“पंचांग बघितलंत? अहो, मी चोरी केलीय का कुणाची?”

“भाऊजी, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं,” मैत्रीण म्हणाली. “गोदामात फुकट गेलात.”

“तुम्ही दोघी माझ्यापासून काहीतरी लपवताय.”

“लपवायचं कुठे? आम्हा दोघींत मिळून एकही मोठं आतडं नाही.”

त्या दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, “उद्या सर्जनकडे जायचं. तोवर ढोल बंद. पाडव्यालाही नाही.”

बायकोचा चेहरा बदलला. “ढोल बंद करणारे तुम्ही कोण?” ती म्हणाली. “इतकी वर्षं बसमध्ये दरवाजाजवळची जागा धरून जगले मी. आता रस्त्याच्या मधोमध उभी राहते. तेवढं मागू नका माझ्याकडून.”

आणि मग माझ्या तोंडून तू बाहेर पडलीस. मी म्हणालो, “आमची आईपण असंच म्हणायची. बरं आहे मला, आज उपवास आहे.”

बायकोने कढईवरचं झाकण काढलं, एक ताट घेतलं आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. ताटात वरीचा भात, बटाट्याची भाजी, एक केळं. भाजीत दाण्याचं कूट नाही, मिरची नावाला. ती जेवायला लागली. माझ्याकडे बघत, सावकाश, चावून चावून.

“वरी, साबुदाणा, बटाटा, केळं,” ती म्हणाली. “हे खाल्लं की पाउच शांत राहतो, पातळ होत नाही. तालमीच्या दिवशी मला हेच लागतं. डब्यात हे दिसलं की ऑफिसात विचारतात. दर वेळी आतड्याची कथा कुणाकुणाला सांगू? उपवास म्हटलं की कोणी मिसळीचा आग्रह करत नाही. उलट एकीने पाया पडून घेतलं माझ्या.”

“आमच्यात उपवास नसतात,” मैत्रीण म्हणाली, “त्यामुळे मला ही सोय नाही. मी लग्नात सरळ सांगते, कोशिंबीर वाढायची नाही, माझ्यात ती ठेवायला जागा नाही.”

“मग मोरीत तुझं ताट का नसतं?” माझं शेवटचं हत्यार मी काढलं.

“वरी वाळली की ताटाला चिकटून बसते. मी लगेच घासून टाकते.” भाताचा शेवटचा घास तिने बोटांनी गोळा केला. मग एकदम हळू आवाजात विचारलं, “अहो, तुमच्या आई काय खायच्या उपवासाला?”

आई, मी खूप आठवलं. त्या दोघी तालमीला गेल्या, बाहेर अंधार पडला, तरी मी तिथेच बसून आठवत होतो. साबुदाणा कधी भिजवलेला आठवला नाही. रताळं उकडल्याचा वास आठवला नाही. चुलीवर शेवटी फक्त तवा उरलेला असायचा. तुझं उपवासाचं ताट मी एकदाही पाहिलेलं नाही. आबांनी तरी पाहिलं होतं का? की त्यांनाही ठाऊक होतं आणि देवाचं नाव मध्ये आलं म्हणून ते गप्प बसले? आणि तुला? तुला ठाऊक होतं का, तू कशाने चालली आहेस? हिने तोच शब्द घेतला आणि त्याच्याआड बसून पोटभर जेवली. तू त्याच्याआड काहीच ठेवलं नव्हतंस. मी आजवर देवापुढे बसून तुझं नाव घेतलं ते मोठी व्रतं करणारी म्हणून. आज सकाळी दिवा लावला, पण तुला काय म्हणून हाक मारावी ते सुचलं नाही.

पाडव्याला मी तिच्या पथकाच्या मागून चालणार आहे, मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन. दोरी व्रणाच्या वर आहे की खाली, तेही बघणार आहे. ती म्हणाली, या, पण तोंड असं करून येऊ नका.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. भांडी मी मदत म्हणून घासत नाही. ताटात काय उरलंय ते बघायला घासतो. मला वाटायचं, हे कुणाला कळत नाही. आज तिचं ताट मोरीत होतं. स्वच्छ निपटलेलं, आणि कडेला बटाट्याची एक फोड मुद्दाम ठेवलेली. बाहेरून तिचा आवाज आला, “तपासणी झाली की खाऊन टाका.”

मी मोरीपाशी उभ्यानेच ती खाल्ली. मीठ बरोबर होतं.