हेवी शब्दाचे सोयरे

प्रिय नागनाथराव,

हो, नावाने. जन्मभर 'अहो' म्हणून झालं. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, आता कोण रागावणार?

पत्राचं कारण तुमचा पुतण्या. काल तो तुमच्या इंग्रजीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला घेतल्याची वर्दी घेऊन आला. "काकू, दोन ओळी द्या. काकांच्या मागं तुम्ही कशा उभ्या राहिल्या, ते लिहा."

मागे! ऐकलंत?

दुष्काळाच्या साली लातुरात हापशापुढे घागरींची रांग लागायची. माझी घागर सरकेपर्यंत मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहीत बसायची. कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या बाईला त्या गल्लीत दुसरं काय काम होतं? एका पत्रिकेवर एक शब्द. पहिला शब्द 'हेवी'.

शेजारच्या शांताबाईंनी विचारलं होतं, "वैनी, काय लिहायलाव वो?"

"कोणत्या शब्दाची कोणाशी सोयरीक जमते, ते."

"अगं बया! शब्दाची बी पत्रिका बघावी लागती?"

बघावी लागते. तुम्हाला नाही कळलं, शांताबाईंना कळलं! पाऊस हेवी, ट्रॅफिक हेवी, सारखी सिगरेट ओढणारा तोही हेवी स्मोकर. चहा मात्र स्ट्राँग, आणि ताप म्हणजे 'हाय फीव्हर'. का? कारण विचारायचं नसतं. आपण मार खातो, हवा खातो, समोरच्याचं डोकं खातो, तिथे कुठे कारण आहे? त्या शब्दांचं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे येणं-जाणं आहे, एवढंच. तुमच्या शिकवणीच्या पोरांना मी असं समजावलं की ती विसरत नसत.

लातूर जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, कारकुनी मिळवायला पोरं इंग्रजी शोधत फिरू लागली. तुम्ही माझ्या पत्रिका उचलल्या आणि पुस्तक छापलं. कव्हरवर तुमचं नाव. मी विचारलं तर म्हणालात, "बाईचं नाव बघून पोरं पुस्तक घेत नसतात." मी गप्प बसले. ती चूक माझी, ती तुमच्यावर ढकलत नाही.

पण नुसती चोरी तरी धड करायची! त्यात तुमची स्वतःची एक ओळ घातलीत. हेवी ड्रॉट. मी म्हटलं, दुष्काळाला सिव्हिअर म्हणतात. तुम्ही हसलात. "पाऊस हेवी, तर दुष्काळ का न्हाई? आपल्याला काय हलका गेला का?" अख्ख्या पुस्तकात तेवढी एक ओळ तुमची, आणि तेवढीच चूक!

पुढच्या टंचाईत एका कचेरीतून अहवाल गेला, हेवी ड्रॉट. बाहेरून आलेल्या साहेबाने विचारलं, हे कोणी शिकवलं? तुमचा विद्यार्थी छाती काढून उभा राहिला, "आमच्या सरांनी!" वर तेच सांगायला पेढे घेऊन घरी आला. तुम्ही पेढा तोंडात टाकून म्हणालात, "साहेबाला समजलं न्हवं? मग झालं तर."

झालं तर! तुमचं सगळं आयुष्य या दोन शब्दांत बसतं.

काल मी पेटीतला गठ्ठा काढून पुतण्याच्या पुढ्यात ठेवला. तो एकेक पत्रिका उलटत राहिला. "काकू, हे अक्षर तुमचं हाय?"

"तुझ्या काकाचं असं वळणदार होतं का रे?"

मान खाली घालून म्हणाला, "पण कव्हर छापून झालंय वो."

"मग परत छाप."

"लोक काय म्हणतील?"

"ते मी बघते."

एवढ्या वर्षांत एकदा तरी, घरातल्या घरात, दार लावून, 'हे तुझं आहे' म्हणाला असतात, तर हे कव्हर मी फाडायला लावलं नसतं. तोंडाला काय कुलूप होतं?

तर शब्द देते. नव्या आवृत्तीवर लेखिका म्हणून माझं नाव येईल. तुमची ओळ जाईल. तुमचं नाव मात्र पुसणार नाही, तुमच्यासारखी मी नाही. उन्हातान्हात एसटीच्या टपावर गठ्ठे टाकून औसा, उदगीर, किनवटपर्यंत पुस्तक पोचवलंत, हे मी पाहिलं आहे. म्हणून आतल्या पानावर, अगदी खाली, छापायला सांगितलं आहे: 'विक्री व्यवस्था: कै. नागनाथराव.'

कलावती, बी. ए.