अठ्ठेचाळिसाव्या नळीसंबंधी माझे अखेरचे म्हणणे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, विषय जीवरसायनशास्त्र, स्वभावाने व्याख्याती, हा कागद पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि पेशीत प्रथिन कसे घडते तेही सांगितले. वीस मिनिटांनी ते म्हणाले, "बस्स, पटलं मला. देतो लिहून."

हा कागद मी मालमत्तेसाठी करत नाही. एक खोटे मी एकतीस वर्षे व्यासपीठावरून सांगत आले, ते मला दुरुस्त करायचे आहे. वर्तमानपत्राला पत्र पाठवले असते तर संपादकाने निम्मे कापले असते. भाषण केले असते तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि चहाला गेले असते. मृत्युपत्र हा एकच कागद असा आहे की जो नातेवाईक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, आणि तोही दोनदा. म्हणून ती दुरुस्ती कलम पाचमध्ये ठेवली आहे. वकील म्हणाले, "बाई, ती परिशिष्टात टाकू या." परिशिष्ट आमचे दादा वाचत नाहीत. दादांनी वाचलेच पाहिजे.

कलम एक. यापूर्वी मी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले मी रागात केले होते, दुसरे सत्काराच्या दुसऱ्या दिवशी. दोन्ही वेळी मी शुद्धीवर नव्हते.

कलम दोन. माझे थोरले बंधू, ज्यांना सगळे दादा म्हणतात, यांचे गेली काही वर्षे एकच पालुपद आहे. "तुला मूलबाळ नाही. घर आपल्याच रक्ताकडे यायला हवं." वहिनी त्यात भर घालतात, "हो ना, आपलं घराणं म्हणजे काय साधंसुधं आहे?" तेव्हा रक्ताविषयी, अखेरचे.

अंगातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या कामाच्या सूचना डीएनए नावाच्या लांबलचक मजकुरात जपून ठेवते, आणि तो मजकूर केंद्रक नावाच्या कप्प्यात असतो. रक्ताला जो तांबडा रंग आहे तो तांबड्या पेशींचा. त्या पेशी तयार होता होता आपले केंद्रक बाहेर टाकून देतात आणि चारेक महिने नुसता प्राणवायू वाहून मरतात. म्हणजे ज्या लाल थेंबाची शपथ घालून दादा घर मागतात, त्या लाल पेशीत घराण्याचे एक अक्षरही नाही. तिने ते ओझे कामाला लागण्याआधीच टाकून दिले. आमच्या घरात एवढी अक्कल कोणी दाखवली नाही.

सबब दादांना मी माझा जुना सूक्ष्मदर्शक, आणि काचपट्टीवर रंगवून ठेवलेला माझ्या रक्ताचा एक थेंब देत आहे. त्यांनी भिंग लावून लाल पेशींत घराणे शोधावे. वकील म्हणाले, "पांढऱ्या पेशींत सापडेल की." सापडेल. पण हजारात एखाद्याच पेशीत सापडेल, आणि दादांना तेवढा धीर नाही.

कलम तीन. पुतण्या चांगला आहे. तो बापासारखा बोलतो, पण ते घरात राहून लागलेले वळण आहे. त्याच्यात आणि माझ्यात सरासरी चौथा हिस्सा मजकूर थेट एकाच ठिकाणाहून आलेला आहे, हे मी मान्य करते. त्या हिशेबाने मागच्या खोलीतला पूर्वजांच्या तसबिरींचा गठ्ठा आणि वंशवृक्षाचा तक्ता त्याला मिळावा. त्या तक्त्यात एकाही बाईचे नाव नाही. सगळे पुरुष एकमेकांपासून परस्पर झालेले दिसतात. विज्ञानाच्या दृष्टीने तो तक्ता जपण्यासारखा आहे.

माझी सर्व पुस्तकेही त्यालाच. मात्र समासात मी ज्यांच्याशी भांडले आहे ती भांडणे त्याने आधी वाचावीत.

कलम चार. आमचे माजी विभागप्रमुख, ज्यांना विद्यार्थी शीतपेय सर म्हणत, यांना माझा बाटली उघडण्याचा ओपनर द्यावा. माझ्या गाजलेल्या शोधनिबंधावर त्यांचे नाव पहिले आहे आणि माझे दुसरे. यावरून मी अनेक वर्षे जळफळाट केला. आता शांतपणे विचार करता माझे मत असे झाले आहे की त्या शोधात माझ्यापेक्षा त्यांचाच वाटा मोठा होता. का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम पाच. दादा, चष्मा लावा.

आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचे काम एक बाई करत. चंबू इतके लख्ख धुवत की त्यांना चंबूमावशीच म्हणत. वयाने त्या माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी सभांतून समतेवर बोलत असे आणि सोमवारी प्रयोगशाळेत शिरताच "अगं, ते बीकर कुठं ठेवलेस?" असे विचारत असे. त्या मला "बाई, तुम्ही" म्हणत. या कागदात मी त्यांना अहोजाहो करत आहे. त्यांना ते आवडलेले नाही. म्हणाल्या, "राहू द्या हो, अवघडल्यासारखं होतं." होऊ द्या.

तेव्हा मी गटारांच्या गाळातून जंतू गोळा करून त्यांची एन्झाईम वेगळी करत होते. एन्झाईम म्हणजे पेशीतले कामकरी प्रथिन. वीस प्रकारची अमिनो आम्ले माळेसारखी ओवली जातात, माळ स्वतःभोवती ठरावीक घडी घालते, आणि त्या घडीत एक खाच तयार होते. खाचेत नेमका पदार्थ बसतो, त्याचे काम चुटकीसरशी होते, आणि एन्झाईम होते तसे पुढच्या कामाला मोकळे. ताप सोसला नाही तर घडी उसकटते, माळा एकमेकींत गुंततात आणि सगळे पांढरे गढूळ होते. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही, ते त्यामुळेच. म्हणून नियम एकच, नळ्या बर्फाच्या पाण्यात.

त्या शनिवारी माझ्याकडे अठ्ठेचाळीस नळ्या होत्या. आठ-आठच्या सहा रांगा, एक रॅक. मला दुपारी भाषणाला जायचे होते. मी रॅकला घाईत चिठ्ठी लावली, "पाण्यात ठेवणे. बाहेर राहू देऊ नये." रॅक फ्रिजमधल्या बर्फाच्या पाण्याच्या डब्यात जाईल हे मी गृहीत धरले. माझ्यामागे शीतपेय सरांनी तपासणी समितीसाठी फ्रिज बाटल्यांनी ठासून भरला, टेबलावरचा रॅक उचलून मावशींच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे कुठंतरी ठेव बघू."

मावशींनी चिठ्ठी वाचली. प्रयोगशाळेत झाकण असलेले पाणी एकाच ठिकाणी होते, गरम पाण्याच्या टाकीत, सत्तर अंशांवर. त्यांनी रॅक तिथे ठेवला.

पेशीतही असेच चालते. मूळ मजकुराची एक नक्कल चिठ्ठीसारखी बाहेर येते, आणि रायबोसोम नावाचे यंत्र ती तीन-तीन अक्षरांनी वाचून प्रथिन ओवते. चिठ्ठीत एक अक्षर चुकले तर रायबोसोम थांबून विचारत नाही, लिहिले आहे ते इमानाने करतो. त्याला निष्काळजी म्हणणारा जीवशास्त्रज्ञ अजून जन्मला नाही. मी मात्र जन्मले होते.

सोमवारी सकाळी मी आले तेव्हा मावशी रॅक घेऊन दारातच उभ्या होत्या. "बाई, सगळ्या नासल्यात. पण ही एक बघा, चौथ्या रांगेतली. ही स्वच्छच आहे."

मी ऐकले नाही. मी बोलत होते. मी किती वेळ बोलले ते शेजारच्या विभागानेही सांगितले असते. त्या मध्येच म्हणाल्या, "तुम्ही करता तसा त्या दुधाळ थाळीवर एक थेंब टाकून बघितला मी. वर्तुळ पडलंय. म्हणजे अजून काम करतीय ना ती?"

दुधाळ थाळीवर स्वच्छ वर्तुळ पडणे म्हणजे एन्झाईम जिवंत कामात असणे. माझ्या पदवीधर विद्यार्थ्यांना हे सुचायला दोन वर्षे लागत. मी म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं थाळीला हात लावायला?"

मग मी माफीपत्र टाइप करवून घेतले. "माझ्या निष्काळजीपणामुळे नमुने खराब झाले. याबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असे होणार नाही." मावशी ते वाचू लागल्या तेव्हा मी म्हणाले, "वाचत काय बसलीस, सही कर." त्यांनी केली. कागद त्यांच्या सेवापुस्तकात गेला. पुढे त्यांनी तीन वेळा प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला आणि तिन्ही वेळा त्या पानावर बोट ठेवून तो परत आला. निवृत्त होईपर्यंत त्या भांडीच धुवत राहिल्या.

ती नळी मी संध्याकाळी गुपचूप कपाटात ठेवली. ती एका धुलाई कारखान्याच्या बॉयलरमागच्या गटारातली होती. तिथला जंतू कढत पाण्यातच वाढलेला, त्याच्या प्रथिनाची घडी उष्णतेलाही न सुटणारी. निबंध छापला, पदक मिळाले. निबंधात वाक्य आहे, "नमुने हेतुपुरस्सर सत्तर अंशांवर ठेवण्यात आले." हेतू कोणाचा होता ते आता सर्वांना कळले. फ्रिज सरांनी अडवला, रॅक मावशींनी ठेवला, वर्तुळ मावशींनी पाहिले. चूक माझी होती आणि शोध त्यांचा होता. मी फक्त दोन्हींची अदलाबदल केली.

कलम सहा. पदक ज्या संस्थेने दिले तिला ते परत करावे, सोबत कलम पाचची प्रत जोडावी. संस्था उत्तर देणार नाही. तरी पोच मागावी.

कलम सात. घर. मसुद्यात घर मी चंबूमावशींच्या नावे केले होते. गेल्या आठवड्यात मसुदा घेऊन त्यांच्या घरी गेले. त्या मटार सोलत होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगून टाकले. आयुष्यातले माझे ते सर्वांत वाईट भाषण.

त्यांनी मटार सोलणे थांबवले नाही. "मला माहितीय की, बाई."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. रॅकमध्ये अठ्ठेचाळीस नळ्या होत्या. धुवायला सत्तेचाळीसच आल्या."

मी खुर्चीत बसले. विचारले, "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलत होता ना."

घर त्यांना नको आहे. "तुमच्या दादांशी भांडत बसू का या वयात? मला तो कागद तेवढा काढून हवा सेवापुस्तकातून." मी महाविद्यालयात गेले. कारकून म्हणाला, "मॅडम, लागलेला कागद काढता येत नाही. नवा जोडता येतो." तेव्हा माझे निवेदन तिथे जोडावे, त्यांच्या माफीपत्राच्या अगदी पुढच्या पानावर, त्याच नमुन्यात: माझ्या निष्काळजीपणामुळे चिठ्ठी अपुरी लिहिली गेली आणि त्याचा दोष मी दुसऱ्यावर घातला. याबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असे होणार नाही. शेवटचे वाक्य मी मेल्यावर पाळणे सोपे जाईल.

घर कोणाच्याही नावे करू नये; त्याच्या पुढच्या दोन खोल्यांत खुली प्रयोगशाळा करावी. ती दाखला देणारे डॉक्टर आणि शेजारच्या शाळेच्या विज्ञान शिक्षिका यांनी चालवावी. कोणाही येणाऱ्याला शिक्षण, घराणे आणि आडनाव विचारू नये. कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएत हजारात सुमारे एका अक्षराचा फरक असतो, आणि दादांचा सगळा अभिमान त्या एका अक्षरावर उभा आहे. नियम दोनच: चिठ्ठी पूर्ण लिहावी, आणि आपली नळी आपण धुवावी.

कलम आठ. माझ्या नावे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर भाषणे करू नयेत. प्रथिनाची माळ कुठे संपवायची हे सांगणारी तीन अक्षरांची खूण प्रत्येक चिठ्ठीत असते. ती वक्त्यांच्या अंगात असते पण जिभेपर्यंत पोहोचत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.

साक्षीदारांविषयी. वकिलांनी बजावले की ज्याला या कागदातून काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही. मावशींनी विचारले, "म्हणजे घर घेतलं नाही तर मला सही करता येईल?" वकील म्हणाले, "येईल." त्या म्हणाल्या, "मग दोन तास द्या मला. वाचायचंय."

वाचून होईपर्यंत मी गप्प बसले होते. डॉक्टरांनी तीही नोंद दाखल्यात करावी असे मी सुचवले आहे.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली. दिनांक: अकरा मार्च, सोमवार.

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त प्राध्यापिका

साक्षीदार एक: (सही) डॉक्टर. लिहून ठेवणार यांनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीत आहेत.

साक्षीदार दोन: (सही) चंबूमावशी. पूर्ण वाचलं. कलम पाचमध्ये नळी चौथ्या रांगेत म्हटली आहे. ती पाचव्या रांगेत होती. बाकी बरोबर आहे.