म्हशीला घातलेले धपाटे

आई, ते धपाटे मला खायचे होते. आपण चाकणजवळच्या गावातले मूळचे, शेतात खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिलेल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खोल्यांमधल्या बायकांना तू ओट्यावरच कुंकू लावायचीस. घरात फक्त भावकीतल्या. लातूरकडच्या त्या नव्या भाडेकरणीला हे कुठलं ठाऊक? ताट झाकून ती सरळ स्वयंपाकघरात आली. "घ्या काकू, गरमच हायेत." तू हसून म्हणालीस, "अगं बया, कशाला एवढा तरास!" तिची पाठ वळते न वळते तोच तू नाक मुरडून ताट म्हशीपुढं रिकामं केलंस. मी रडले तर म्हणालीस, "त्यांच्यात कसं करत्यात कुणाला ठावं. आपल्यातली हाय का ती?" दुसऱ्या दिवशी ताटात साखर घालून परत दिलंस, वर "लई झ्याक झाल्ते" म्हणालीस. शी! तेव्हा तुझी किळस आली, ती तू गेल्यावरही गेली नाही.

मी आता कंपनीत सुपरवायझर आहे. मध्यंतरी ट्रेनिंगला आलेल्या बाई सांगत होत्या, माणूस टोळ्यांनी राहायचा तेव्हा परका म्हणजे रोगराई नाहीतर मारामारी. म्हणून परक्याच्या अन्नालासुद्धा नाक मुरडायची खोड अंगात मुरली. आता कुणी दगड मारत नाही, हसून बाजूला सारतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही. लाखो वर्षांची खोड म्हणून काय माफ करायची?

गेल्या महिन्यात लाइन लीडर नेमायची होती. लातूरकडचीच एक पोरगी, तिच्या हातचा एकही पार्ट खराब म्हणून परत येत नाही. पगार वाढला की गावी आजीपाशी ठेवलेली लेक इथं आणीन, असं तिनं डबा खाताना मला सांगितलेलं. मी आपल्या गावातली नेमली. कागदावर लिहिलं, संवाद कमी पडतो. धडधडीत खोटं गं, सगळ्या पोरी तिचंच ऐकायच्या. तिनं विचारलं, "मॅडम, काय चुकलालंय माझं?" आणि मी, तुझीच लेक, गोड हसले. "काही नाही गं, बोलणं जरा सुधार. पुढच्या वेळी तुझंच." तिची लेक अजून गावीच आहे. आता ती माझ्याशी जपून, पुस्तकातलं बोलते आणि इतर पोरींशी तर बोलतच नाही.

हे तुला पोचणार नाही, दुसऱ्या कुणाला दाखवायची मला लाज वाटते. पण सांगून टाकते. तिचं ते नवं बोलणं पहिल्यांदा कानावर आलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं.