उलटे महिने

ता. १२, मंगळवार, दुपार

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तू "सगळं ठीक ना, बाबा?" विचारतेस आणि माझ्या तोंडून आपोआप 'ठीक' निघतं. कागदावर तसं निघत नाही. माझा गुडघा बरा आहे. मोरीचा नळ दुरुस्त झाला. आणि आधी हे वाच, मगच पुढे जा: तुझी भिंगरी बरी आहे, डॉक्टरांना दाखवलं आहे.

आता डॉक्टर कशाला, ते सांगतो. फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात तिने चेंडू डोक्याने मारायला उडी घेतली आणि समोरच्या मुलीचं डोकं तिच्या डोक्यावर आपटलं. रक्त नाही, टेंगूळ नाही. तरी क्लबच्या कोचबाईंनी तिला लगेच बाहेर घेतलं. त्यांची एक पद्धत आहे. कोणाच्याही डोक्याला लागलं की शेजारी बसवतात, शेवटचा गोल कोणी केला विचारतात, मग वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावतात. आपली एप्रिलपाशी अडकली. बाई म्हणाल्या, डॉक्टर हो म्हणेपर्यंत बूट घालायचे नाहीत.

घरी आल्यावर पोरीने रडून उशी भिजवली. अंतिम सामना तोंडावर आलेला. मला वाटलं, बाई उगाच बाऊ करतात. तू नर्स आहेस, तुला हे वाचून काय वाटेल याची कल्पना आहे. मी तिला डॉक्टरांकडे नेलं नाही. स्वयंपाकघरात बसवून उलटे महिने पाठ करून घेतले. मीच ऑगस्टला घसरायचो, ती हसायची. हसते म्हणजे बरी आहे, असं मी धरून चाललो. आणि अंतिम सामन्याच्या दिवशी मैदानावर जाऊन चारचौघांत सांगितलं, डॉक्टर हो म्हणाले.

बाईंनी तिला शेजारी बसवलं. त्यांनी विचारायच्या आधीच ही सुरू झाली, डिसेंबर ते जानेवारी, एका दमात. बाईंनी तिचा हात हातात घेतला.

"कोणी शिकवलं गं?"

"आजोबांनी."

"बरं. आता मला सांग, डोकं कसं आहे?"

"दुखतंय. वाकलं की जास्त."

मला ती नाही म्हणाली होती. पण मी विचारायचो ते "दुखत नाही ना?" असं. त्यावर ती बिचारी दुसरं काय सांगणार?

बाईंनी तिला खेळवलं नाही. आपण हरलो. पालक बाईंवर तुटून पडले की डॉक्टरांनी परवानगी दिलेली असताना चांगली मुलगी बसवून ठेवलीच कशी. बाई एवढंच म्हणाल्या, "निर्णय माझा होता." माझं नावसुद्धा काढलं नाही. मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. नंतर त्याच आमच्यासोबत डॉक्टरांकडे आल्या. वाटेत मला हळूच म्हणाल्या, "आजोबा, लोक मला बोलले तर बोलू देत. हिच्यामुळे हरलो, असं हिला कधी वाटता कामा नये."

डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. त्या धक्क्यावर दुसरा बसला असता तर काय झालं असतं, तेही सांगितलं. ते मला लिहवत नाही. आता दुखणं थांबलंय, तरी मी झोपेत तिचा श्वास बघून येतो.

पुढच्या शनिवारी क्लबची सभा आहे. बाईंना काढायचं बहुतेकांचं ठरलंय. मी उभा राहून सगळं सांगणार आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, चार माणसांपुढे जीभ टाळूला चिकटते, पण सांगणार. लोकांआधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. भिंगरी तिथे असेल. आजोबा खोटं बोलले हे तिने ऐकावं का, तिला घरी ठेवावं का, मला ठरवता येत नाही. तू तिची आई, तू सांग.

आणि पोरीला माझ्याकडे ठेवायची की नाही, तेही सांग. मी वाद घालणार नाही.

राग आला असेल तर रागच लिही, पण शनिवारच्या आत दोन ओळी पाठव. पोस्टमनची वाट पाहत दारातच बसतोय.

तुझा,
बाबा